येसू राघोची नोंद

"ही तर मेलेली आहे," मी म्हटलं.

"हो," मेरे म्हणाली. "आणि दर शनिवारी बाजारात मिरच्या विकते."

मी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला आणि पुन्हा वाचलं. येसू राघो, स्त्री. जन्मून आठवडाही धड झालेला नाही. कारण, अशक्तपणा. खबर देणारा, बाप. खाली अंगठा. शाई तांबूस पडली होती, तरी अक्षर न् अक्षर लागत होतं. जन्ममृत्यूच्या नोंदी हा माझा उभ्या हयातीचा धंदा. आमच्या नगरपरिषदेतल्या त्या एका टेबलावर मी केस पांढरे केले. खोटी नोंद मला नुसत्या वासावरून कळते, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगत असे. या नोंदीला कसलाही वास नव्हता.

"चेष्टा करतेस का म्हातारीची?"

"चेष्टेचा पगार मिळत नाही मला," मेरे म्हणाली.

बेटाचं नाव विचारू नका. पॅसिफिक महासागरात आहे, ऊस होतो, आणि आपली माणसं एके काळी करारावर ऊस तोडायला तिकडे नेली होती, एवढं पुरे. नाव का सांगत नाही ते शेवटी कळेल. मेरे तिथल्या नोंदणी कचेरीतली, मूळची बेटावरचीच, पण उसाच्या गावात वाढलेली, त्यामुळे तिची हिंदी फर्डी. माझी हिंदी नगरपरिषदेची. आमचं झकास जमलं. सगळं बोलणं मी मराठीतच सांगते, नाहीतर तुम्हीही दमाल आणि मीही.

माझ्या आजोबांचा थोरला भाऊ राघो. मुंबईला कामाला जातो म्हणून बायकोला घेऊन निघाला, तो कुठल्या दलालाच्या हाती लागला देव जाणे, गेला थेट समुद्रापार. पुढे ना पत्र ना निरोप. दर पितृपक्षात आमच्या घरी तोच घोळ. राघोकाकाचं पान वाढायचं की नाही? जिवंत माणसाला पिंड दिला तर पाप, मेलेल्याला उपाशी ठेवला तर शाप. वडील जाताना मला म्हणाले, "विजू, तू नोंदीतली आहेस. शोध गो त्याला." मी निवृत्त झाले आणि योगायोग असा की माझ्या भाच्याला त्याच बेटावरच्या साखर कारखान्यात नोकरी लागली. मग काय, घातली साडी बॅगेत नि गेले.

राघोकाका सापडला. त्याच्या मृत्यूची नोंद सापडली आणि मी तिथेच हात जोडले. बायको भागू, तिचीही सापडली. मग मुलं. पाच जन्म, आणि प्रत्येकाच्या पाठोपाठ एक मृत्यू. सगळी महिन्याच्या आतच गेलेली. सहावी येसू, तिचीही तीच गत. वंश खुंटला, असं मी मनाशी म्हणत होते, तेवढ्यात मेरेनं त्या मिरच्यांचं सांगितलं.

"तिची नात आली होती माझ्याकडे," मेरे म्हणाली. "आजीचा पासपोर्ट काढायचाय, जन्माचा दाखला द्या म्हणाली. मी जन्म शोधला, तर मागोमाग हा मृत्यू. आता मेलेल्या बाईला पासपोर्ट कसा देणार? पोरगी इथेच पायरीवर बसून रडली."

शनिवारी मी बाजार गाठला. मासळीची बाजू ओलांडली की भाजीवाल्या बसतात. अगदी शेवटी, पोत्यावर, शंभरीला टेकलेली एक म्हातारी. पाठ ताठ. लाल मिरच्यांची माळ ओवत होती. दोरा संपला तसा तिनं नवा घेतला आणि सुईत घातला, पहिल्या झटक्यात, चष्म्याशिवाय. मी तिच्या कपाळाकडे बघतच राहिले. माझ्या बापाचं कपाळ! भुवईतली खोचसुद्धा तीच. मला एकदम रडूच आलं.

"येसूआत्या!" मी हाक मारली.

म्हातारीनं मान वर केली नाही. सुई चालूच. पण तिच्याशेजारी बसलेली गरोदर पोरगी ताडकन उठली आणि तिनं सरळ माझ्या तोंडावर हात ठेवला. भर बाजारात! तिच्या बोटांना मिरची लागलेली, माझे ओठ भगभगायला लागले.

"ते नाव घेऊ नका," ती म्हणाली. "कोण तुम्ही?"

"मी कोण? मी हिच्या चुलतभावाची मुलगी. रत्नागिरीहून आलेय. आणि माणसाच्या तोंडावर हात ठेवायची ही कुठली रीत?"

रत्नागिरी म्हटल्याबरोबर सुई थांबली. म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"वाईच बस गो बाय," ती म्हणाली.

तिच्या आईनं तिला तेवढी एक भाषा दिली होती, आणि आई गेल्यावर ती बोलायला कोणी उरलं नव्हतं. शब्द जरा गंजलेले, पण आमच्या वाडीतलेच. मी त्या ओल्या फरशीवर तशीच फतकल मारून बसले.

नातीचं नाव रोशनी. नात्यानं मी तिच्या बापाची बहीण, म्हणून ती मला लगेच फुआ म्हणायला लागली. तिकडे आत्याला तसंच म्हणतात. त्या दिवशी ती मला घरी घेऊन गेली. पत्र्याचं घर, तिन्ही बाजूंनी ऊस. घरात दोघीच. रोशनीचे आईबाप कधीच गेलेले, नवरा विजेंद्र ऑकलंडला बांधकामावर.

"जमिनीचा पट्टा संपला, फुआ," रोशनी म्हणाली. "घर सोडायचंय. माझे कागद झालेत. दोन बाळं गेली माझी, पोटातच. डॉक्टर म्हणतात, हे तिसरं तिकडच्या मोठ्या दवाखान्यात होऊ दे. पण आजीला पासपोर्ट नाही, आणि तिला टाकून मी जाणार नाही. हिनंच वाढवलं मला."

"मग नोंद दुरुस्त करायची! त्यात काय एवढं?" मी म्हटलं. "चुकून झाली असणार."

"चुकून नाय," आत्या चुलीपाशी बसून म्हणाली. "आवशीन केलान."

आणि मग तिनं जे सांगितलं, ते ऐकताना माझ्या हातातला चहा गार झाला.

पाच पोरं गेल्यावर ही जन्मली. हीसुद्धा निळी पडायला लागली. तेव्हा भागूनं, म्हणजे तिच्या आईनं, केळीचा गाभा काढला, त्याला झबलं घातलं, फडक्यात गुंडाळला आणि घरामागे पुरला. मग रस्त्यावर येऊन ऊर बडवून रडली. शेजारपाजारच्या बाया गोळा झाल्या, त्याही रडल्या. आणि राघोकाका साहेबाच्या कचेरीत गेला आणि पोर गेली म्हणून अंगठा उठवून आला.

"मरान काय समदं बघत नाय," आत्या म्हणाली. "त्याला बी कुनीतरी सांगावा लागता. वहीत लिवलेला दिसला की तो म्हनतो, हितला काम झाला. मग तो फिरून येत नाय."

"आणि नाव?"

"नाव घिऊन कुनी हाक मारायची नाय. मारलीच, तर आपन ओ द्यायची नाय. ओ दिली की त्याला कळता, हाय अजून."

तुम्ही म्हणाल, हा अडाणीपणा. मीही म्हटलं असतं. पण माझ्या वडिलांचं नाव केरू होतं. त्यांच्या आधीची भावंडं गेली म्हणून त्यांना जन्मल्या जन्मल्या केरात लोळवलं होतं आणि मूठभर कोंड्याला शेजारणीला विकून परत घेतलं होतं. आमच्या घराण्याची मरणाला फसवायची खोड जुनीच. राघोकाकानं ती समुद्रापार नेली आणि तिथं केर सापडला नाही म्हणून सरकारी वही वापरली, इतकंच.

"म्हणून तू आजवर कधी आजारी पडली नाहीस?" मी थट्टेनं विचारलं.

"नाय पडली," ती म्हणाली. थट्टा तिच्या गावीही नव्हती. "वादळात ह्यो पत्रा उडाला, शेजारची समदी गेली, माजा केस वाकडा नाय झाला. घो गेला, लेक गेले. मीच हाय. कंटाळा आला गो बाय. मला कुनी न्येतच नाय."

शब्द नाही तरी सूर कळला असावा, रोशनी तोंड फिरवून उठून गेली.

मी महिनाभर त्या नोंदीच्या मागे लागले. खोटी नोंद म्हणजे माझ्या डोळ्यात कुसळ, ती काढल्याशिवाय मला झोप कसली यायची! जुने शेजारी गाठले, लग्नाचा दाखला काढला, मुलांचे जन्म काढले, प्रतिज्ञापत्रं केली. मेरे म्हणाली, तुमच्यासारखी माणसं रोज आली तर मी नोकरी सोडीन. सगळं जमलं, एक सोडून. म्हातारी तयार होईना.

"आत्या," मी शेवटी म्हटलं, "तू नाही गेलीस तर ही जायची नाही. हिचं बाळंतपण इथंच होणार. मग याही खेपेला काही बरंवाईट झालं तर?"

आत्या रोशनीच्या पोटाकडे बघत बसली. बाहेर ऊस सळसळत होता, वारा मात्र अंगाला लागत नव्हता.

"चल," ती म्हणाली. "पोरासाटी व्हय म्हनते."

कायदा असा, की त्या माणसानं कचेरीत स्वतः हजर व्हायचं, पूर्ण नावानं पुकारा व्हायचा, आणि साक्षीदारांसमोर त्यानं 'मीच ती' म्हणायचं. आत्या ठेवणीतली साडी नेसून आली. मेरेनं वही उघडली. तिलाही जरा अवघडल्यासारखं झालं असावं, कारण तिनं उगीचच घसा खाकरला.

"येसू राघो!"

रोशनीनं माझा दंड घट्ट धरला होता. आत्यानं एकदा तिच्या पोटाकडे पाहिलं. मग मान वळवली, आणि मेरेकडे नाही, दाराकडे बघून म्हणाली,

"ओ."

अंगणातून घरच्या कोणी हाक मारावी आणि आतून सहज ओ द्यावी, तशी. दारात कोणी नव्हतं. पायरीवर ऊन पडलं होतं.

"आजी, इकडे बघा," मेरे म्हणाली. "हाक मी मारली."

"तू बी मारलीस," आत्या म्हणाली.

मेरेनं समासात दुरुस्ती लिहिली, शिक्का मारला. मीच ती, असं आत्यानं सांगितलं, अंगठा दिला, बापाच्या अंगठ्याच्या बरोबर बाजूला. मला वाटलं होतं मला आनंद होईल. उभ्या हयातीत केलेली सगळ्यांत चोख दुरुस्ती होती ती. पण मी आपली दाराकडेच बघत राहिले.

घरी येताना बसमध्ये आत्या म्हणाली, "थंडी वाजता गो."

बाहेर अंगाची लाही होत होती. रोशनीनं तिच्या कपाळावर हात ठेवला आणि ती घाबरीघुबरी झाली. आजीला ताप हा प्रकार तिनं जन्मात पाहिला नव्हता. मी माझी शाल तिला पांघरली. शाल पांघरूनही ती कुडकुडत होती, आणि खरं सांगते, चेहरा मात्र अगदी सुखी होता.

पुढच्या शनिवारी मिरच्यांची जागा रिकामी होती. डॉक्टर म्हणाला, वय झालं होतं, शंभरीच्या माणसाला कारण लागत नाही. मीही स्वतःला तेच बजावलं. 'वार्धक्य' असं मी नोंदीत किती वेळा लिहिलं असेल! जाण्याआधी आत्यानं रोशनीला जवळ बोलावलं आणि तिच्या पोटावर हात ठेवून पुटपुटली, "ह्येला आदी वहीत घाला." रोशनीला मराठी येत नव्हती. मला येत होती. मी तिला अर्थ सांगितला नाही. पण ती काही दुधखुळी नव्हती.

पासपोर्ट आला तो तेराव्याला. फोटोत माझ्या बापाचं कपाळ.

आणि मग रोशनीला कळा आल्या, फार लवकर. विजेंद्र विमानात होता. गावच्या छोट्या दवाखान्यात मुलगी झाली, माझ्या तळहातावर मावेल एवढी. काचेच्या पेटीत ठेवली. रडली नाही. मी काचेला नाक लावून बघत होते तर नखं निळी पडत चाललेली दिसली. डॉक्टर बाई चांगली होती, खोटा धीर देणारी नव्हती. "आम्ही करतोय ते करतोय," ती म्हणाली. "आशा धरू नका."

रोशनीनं खाटेवरून माझा पदर धरला.

"फुआ, तुम्हाला वही येते."

"अगं, काय बोलतेस? मी आयुष्यात खोटी नोंद केलेली नाही!"

"आजीची खोटी नोंद शंभर वर्षं टिकली," ती म्हणाली. "खरी केलीत, ती आठवडाभर नाही."

मी पदर सोडवून घेतला आणि चालायला लागले. कचेरीत मेरे एकटीच होती. मी तिच्यासमोर बसले. माझ्या तोंडाकडे बघूनच तिनं विचारलं, "बाळ?"

"आहे अजून."

मेरेनं बाहेर कोणी येत नाही ना, ते खिडकीतून पाहिलं. मग उठली. कपाटातून मृत्यूची वही काढली, टेबलावर उघडी ठेवली, वर पेन ठेवलं.

"माझी जेवायची वेळ झाली," ती म्हणाली. "वही मिटायला मी कधी कधी विसरते."

तिची चप्पल पायऱ्या उतरून गेली. मी पेन उचललं. रकाने आपोआप भरत गेले. उभ्या जन्माची सवय. नाव, बापाचं नाव, स्त्री. कारण, अशक्तपणा. खबर देणारी या रकान्यात मी माझं नाव लिहिलं आणि सही केली. मग वहीवर फुंकर घातली, शाई सुकेपर्यंत.

तिथून पत्र्याच्या घरी गेले. मागच्या केळीचा गाभा काढला, रोशनीनं शिवलेलं झबलं त्याला घातलं आणि पुरला. खड्डा माझ्या हातानं खणला, म्हणजे बघा! मग रस्त्यावर येऊन रडायला बसले. खोटं रडायचं होतं, पण आत्याची आठवण आली आणि ते खरंच झालं. शेजारणी धावत आल्या. एकीनंही काही विचारलं नाही. पदर डोळ्यांना लावून त्याही माझ्यासोबत रडल्या.

दवाखान्यात परत आले तर जिन्यातच ऐकू आलं. पोरगी बोंबलत होती. डॉक्टर बाई पेटीपाशी उभी राहून डोकं खाजवत होती.

ऑकलंडला ते गेलेच नाहीत. जाणार कसे? मेलेल्या मुलीला पासपोर्ट कोण देणार? विजेंद्र परत आला, गावात टायरचं दुकान टाकलं, भाड्याच्या दोन खोल्या घेतल्या. मेरे निवृत्त झाली. मी घरी परतले आणि त्या पितृपक्षात तीन पानं वाढली, राघोकाकाचं, भागूकाकीचं, येसूआत्याचं. पोरगी वाढली. तिला नाव आहे, सुरेख आहे, पण त्या नावानं कोणी हाक मारत नाही. घरात ती बच्ची, शाळेत आडनाव. कधी साधी सर्दी झाली नाही. सायकलवरून उसाच्या ट्रकखाली गेली होती एकदा; सायकलचा चक्काचूर, आणि ही कपडे झटकत उभी राहिली.

हे सगळं आज सांगायचं कारण म्हणजे परवा तिचा फोन आला. व्हिडिओवर. पोरीचं कपाळही माझ्या बापाचंच.

"फुआ, एक गंमत सांगू? मला ऑकलंडच्या कॉलेजात जागा मिळतेय. आईला न सांगता पासपोर्टसाठी दाखला काढायला गेले, तर काय म्हणावं! मी मेलेली आहे!" आणि खदाखदा हसली. "आई नेहमी सांगते, तुम्ही नोंदीत होतात. द्या ना दुरुस्त करून."

"बच्ची," मी म्हटलं, "कचेरीत कोण होतं?"

"नवीन बाई आहे एक. चांगली आहे. तिचा विश्वासच बसेना. नोंद पुन्हा पुन्हा वाचली, माझं पूर्ण नाव मोठ्यानं."

"आणि तू?"

"मी काय? ओ दिली. नावाला ओ द्यायची नाही, हे आईचं खूळ ठाऊक आहे मला, पण समोरच उभी होते ना मी! गप्प कशी राहू?"

तोंडात आलं तेच बोलले.

"बाय माझी, अंगावर काहीतरी घे."

"या उकाड्यात?" ती हसली. मग हसू थांबलं. तिनं दोन्ही हातांनी आपले दंड चोळले आणि माझ्याकडे बघितलं.

"फुआ, तुम्हाला कसं कळलं?"